डिस्टोपियन गोष्टी विद्यार्थ्यांसोबत वाचायच्या आहेत? सुरुवात अशी करा

डिस्टोपिया म्हणजे बिघडलेल्या, जाचक समाजाची कल्पित गोष्ट. जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या अशाच कादंबरीत चॉकलेटच्या रेशनचा एक प्रसंग आहे. विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरीला आहे. छापून गेलेली जुनी वर्तमानपत्रं सरकारच्या आजच्या बोलण्याशी जुळतील अशी बदलून ठेवायची, हे त्याचं काम. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येणार असतं, पण 'यंदा कपात होणार नाही' असं आश्वासन आधीच छापून गेलेलं असतं. विन्स्टन ते बदलतो. मग एका दुपारी कँटीनमध्ये जेवताना टेलिस्क्रीनवर बातमी लागते: रेशन वाढवून आठवड्याला २० ग्रॅम केल्याबद्दल सर्वोच्च नेत्याचे, बिग ब्रदरचे, आभार मानायला लोक रस्त्यावर उतरले. कपातीची घोषणा तर कालच झालेली! विन्स्टन आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघतो. त्याच्याच टेबलावरच्या पार्सन्सने बातमी सहज गिळली. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने त्वेषाने गिळली. भाषेचा हुशार अभ्यासक असलेल्या साइमनेही गिळली, जरा आडवळणाने एवढंच.

अकरावी-बारावीची मुलं हे वाचून हमखास म्हणतात, "इतके कसे हे लोक बावळट?" तिथेच थांबून त्यांना विचारायचं: तुम्ही त्या टेबलावर बसला आहात. जुना पेपर मिळायची सोय नाही, हातात मोबाइल नाही, शेजारी कोणावर विश्वास टाकावा कळत नाही. काल ३० चे २० झाले, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगाल? वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी म्हणतं, "घरी रॅपर जपून ठेवलं असतं तर?" आणि खरी चर्चा सुरू होते.

या गोष्टींमधून विद्यार्थ्यांनी घ्यायची मुख्य गोष्ट मला हीच वाटते. माणसं एखाद्या गोष्टीला कशी सरावत जातात, हे ओळीओळीतून ओळखायची सवय. पुढचा सगळा लेख ती सवय लावायची कशी, यावर आहे. शिक्षक, ग्रंथपाल, पालक, किंवा कॉलेजात स्वतःच वाचनगट सुरू करू पाहणारे विद्यार्थी, यांच्यापैकी कोणालाही तो वापरता येईल. इंग्रजी साहित्याची पदवी असायला हवी असं अजिबात नाही.

पायरी १: आधी स्वतः वाचा, हातात पेन्सिल घेऊन

डिस्टोपिया म्हणजे बिघडलेल्या, जाचक समाजाची कल्पित गोष्ट. डिस्टोपिया बहुतेक वेळा भविष्यात घडतो. पहिल्या वाचनात आपण कथानकामागे धावतो: नायक सुटतो का, पकडला जातो का. गटासोबत वाचायचं असेल तर एकदा सावकाश वाचा आणि समासात तीन प्रकारच्या खुणा करा. जिथे वरून आलेला नियम दिसतो तिथे 'नि'. जिथे लोक कोणी न सांगता स्वतःहून तसं वागतात तिथे 'स', म्हणजे सवय. आणि जिथे एखाद्या पात्राला काहीतरी खटकतं पण ते बोलत नाही, तिथे 'ग', म्हणजे गप्प.

पुस्तक संपल्यावर खुणा मोजून बघा. चांगल्या डिस्टोपियात 'स' आणि 'ग' यांची संख्या 'नि'पेक्षा बरीच जास्त निघते. चर्चेसाठी उतारे निवडताना याच खुणा कामी येतात, वेगळी तयारी फारशी लागत नाही.

पायरी २: वय बघून पुस्तक निवडा

सातवी-आठवीपासून लोइस लोरीची 'द गिव्हर' (१९९३) चालते. छोटी आहे, भाषा सोपी आहे, नायक बारा वर्षांचा आहे. मात्र तिच्यात एका तान्ह्या बाळाला मारण्याचा प्रसंग आहे. तो मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका, बैठकीत सोबत वाचा. याच वयाला सत्यजित राय यांचा 'हीरक राजार देशे' (१९८०) हा बंगाली सिनेमा सबटायटल्ससकट दाखवता येतो. त्यात राजा शाळा बंद करतो, कारण लोक जितकं जास्त वाचतील तितकं कमी ऐकतील अशी त्याची भीती. ज्यांना वश करायचंय त्यांना एका यंत्राच्या खोलीत नेऊन यमक जुळवलेली वाक्यं डोक्यात भरली जातात. मुलं ती यमकं घरी जाईपर्यंत म्हणत राहतात, आणि हाच पुढच्या बैठकीचा विषय होतो: यमक जुळलं की वाक्य खरं का वाटायला लागतं?

नववी ते बारावीला सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' (२००८), ऑर्वेलचीच 'अ‍ॅनिमल फार्म' (१९४५) आणि रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) घ्यावी. 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९), ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) आणि मार्गारेट अ‍ॅटवुडची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या सतरा-अठराच्या पुढे बऱ्या. पहिलीत छळाची लांबलचक प्रकरणं आहेत, शेवटचीत लैंगिक हिंसा कथेच्या केंद्रस्थानीच आहे. हे गटाला आधी मोकळेपणाने सांगावं. कोणाला एखादं प्रकरण वाचायचं नसेल तर कारण विचारू नये.

भाषेचा प्रश्न येतोच. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी कादंबरीचं नाव काढलं की मागच्या बाकावर सरकतात. आम्ही उतारा इंग्रजीत मोठ्याने वाचतो, मग एक जण तो मराठीत सांगतो, आणि चर्चा पूर्ण मराठीत होते. मराठीत सांगताना जे सुटतं त्यावर बाकीचे तुटून पडतात, त्यात उताऱ्याचं बारीक वाचन आपोआप होतं. 'हंगर गेम्स'ची वाक्यं छोटी आहेत. ऑर्वेलही साधं लिहितो. हक्सली जड जातो, त्याला पहिला नंबर देऊ नका.

प्रतींचा खर्चही बघावा लागतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. ऑर्वेल १९५० साली वारला, हक्सली १९६३ साली. म्हणजे दोघांचा मूळ इंग्रजी मजकूर आपल्याकडे आता हक्कमुक्त आहे, उताऱ्यांच्या झेरॉक्स निर्धास्त काढा. अनुवादाचे हक्क मात्र अनुवादकाचे असतात, हे लक्षात असू द्या.

पायरी ३: पहिली बैठक एका छोट्या कथेवर

थेट कादंबरीला हात घातला की दुसऱ्या बैठकीला निम्मे जण "माझं वाचून झालं नाही" म्हणत गळतात. म्हणून पहिल्या दिवशी तिथेच बसून वाचून होईल अशी कथा घ्या. माझी निवड ठरलेली आहे: ब्रॅडबरीची 'द पेडेस्ट्रियन'. 'द गोल्डन अ‍ॅपल्स ऑफ द सन' या संग्रहात ती आहे, जेमतेम चार-पाच पानांची. संग्रहाची एक प्रत पुरते, मोठ्याने वाचायची.

साल २०५३. नोव्हेंबरची रात्र. लेनर्ड मीड नावाचा माणूस नेहमीसारखा फिरायला बाहेर पडतो. रस्त्यात चिटपाखरू नाही, सगळे आपापल्या घरात पडद्यासमोर. इतकी वर्षं तो फिरतोय, पण दुसरा चालणारा माणूस त्याला कधी भेटलेला नाही. तीस लाखांच्या शहरात पोलिसांची गाडी एकच उरली आहे, कारण गुन्हे राहिलेलेच नाहीत. ती गाडी त्याला अडवते. नाव काय? धंदा काय? "लेखक," तो म्हणतो. गाडी नोंदवते: धंदा नाही. बाहेर काय करतोस? चालतोय. कुठे? कशासाठी? हवा खायला आणि बघायला. घरी एअर कंडिशनर आहे ना? आहे. बघायला पडदा आहे ना? नाही. लग्न झालंय? नाही. गाडी त्याला आत बसायला सांगते आणि मानसोपचाराच्या केंद्राकडे निघते. गाडीत कोणी माणूसच नसतो.

वाचून झालं की लगेच मतं विचारू नका. गटाला एक काम द्या: लेनर्डने कोणता कायदा मोडला ते कथेत शोधा आणि ओळ दाखवा.

दहा मिनिटं पानं उलटली जातात. कोणी म्हणतं रात्री फिरायला बंदी होती. "ओळ दाखव." ओळ सापडत नाही. कोणी म्हणतं पडदा घरी ठेवणं सक्तीचं होतं. तीही ओळ नाही. कथेत असा एकही कायदा सांगितलेला नाही. त्याला नेलं जातं ते केवळ बाकी कोणी करत नाही ती गोष्ट तो करतो म्हणून. हे मुलांचं त्यांनाच सापडू द्या, तुम्ही सांगून टाकलंत तर सगळी मजा गेली.

मग दुसरं काम: लेनर्ड स्वतः किती बदललेला आहे ते शोधा. इथे सहसा कोणाची नजर जात नाही ती बुटांवर. टाचांचा आवाज झाला की कुत्री भुंकतात, दिवे लागतात, खिडक्यांत चेहरे दिसतात, म्हणून त्याने रात्री फिरताना मऊ तळव्याचे बूट घालायला सुरुवात केली आहे. म्हणजे गावात एकटाच मोकळा असलेला माणूसही दबकून चालायला शिकला आहे, आणि ते त्याला शहाणपणाचं वाटतं. आमच्या गटात एका मुलीने याच ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, "मग त्याला पकडण्याआधीच ते जिंकले होते ना?" त्यावर वाद इतका रंगला की पुढच्या तासाच्या सरांना दार वाजवावं लागलं.

पायरी ४: चर्चेचे मोजके नियम

आठ ते बारा जण पुरेत. जास्त असतील तर दोन गट करा. खुर्च्या गोल मांडा. सुरुवातीची पाच-सात मिनिटं प्रत्येकाने वहीत काहीतरी लिहावं, म्हणजे बोलघेवड्यांच्या आधी बाकीच्यांचंही म्हणणं तयार होतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम वर आलाच आहे: ओळ दाखव. मत कितीही चमकदार असलं तरी ते पुस्तकातल्या कोणत्या वाक्यावर उभं आहे, हे सांगावं लागेल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'लेखकाने समाजाचे विदारक चित्रण केले आहे' असं लिहून सुटण्याची सवय मुलांना लागलेली असते. तिच्यावर याच्याइतका चांगला इलाज मला माहीत नाही.

दुसरा नियम बातम्यांचा. डिस्टोपिया वाचताना आजचं राजकारण येणारच, आणि यायलाच हवं. पण पहिला अर्धा तास फक्त पुस्तक. त्यानंतर ज्याला एखादा प्रसंग आजच्या कोणाला लावायचा असेल त्याने तोच प्रसंग आपल्या आवडत्या पक्षाला किंवा नेत्यालाही लावून दाखवायचा. ही अट आधीच सर्वांसमोर सांगून ठेवा. ऑर्वेलचं नाव तर सगळ्याच बाजूंचे लोक एकमेकांवर फेकत असतात. तो स्वतः समाजवादी होता, स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या लष्करी बंडाविरुद्ध लढला, १९३७ साली तिथे गळ्यात गोळी लागून वाचला, आणि तरी स्टालिनच्या राजवटीवर त्याच्याइतकं जळजळीत कोणी क्वचितच लिहिलं असेल. आपल्या बाजूकडेही त्याच नजरेने बघणारा लेखक म्हणून तो मुलांना भेटायला हवा. (त्याचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, आणि दुसऱ्या महायुद्धात तो बीबीसीवरून भारतीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत असे, हे कळलं की तो जरा जवळचाही वाटू लागतो.)

पायरी ५: कादंबरी एका धाग्याने वाचा

पूर्ण कादंबरीवर एकदम बोलायला गेलं की चर्चा विखुरते. एक धागा धरा आणि चार-पाच बैठका तोच ओढा. मी वापरते ते धागे सांगते.

*नोंदींचा धागा.* 'नाइन्टीन एटी-फोर'साठी हाच. चॉकलेटच्या प्रसंगापासून सुरू करून विन्स्टनच्या टेबलाशेजारच्या त्या भोकापर्यंत जा, ज्यात नको असलेले कागद टाकले की ते थेट भट्टीत जातात. मग २००९ सालची खरी घटना सांगा. अ‍ॅमेझॉनने किंडलवर विकलेल्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'च्या काही प्रती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, लोकांच्या उपकरणांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने त्या प्रतीत अभ्यासासाठी केलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या. आता गटाला विचारा: तुमच्या फोनमधलं पुस्तक, गाणं, फोटो यांतलं काय खरोखर तुमच्या ताब्यात आहे? शेजारच्याच्या फोनशी ताडून बघा.

याच धाग्यावर आपल्याकडचा इतिहासही येतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. २८ जूनच्या 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. गावात जुनं वाचनालय असेल आणि त्या काळातल्या पेपरांच्या फायली तिथे जपलेल्या असतील, तर मुलांना एक दिवस तिथे न्या. जून १९७५ च्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा समोरासमोर ठेवायचा आणि काय नाहीसं झालं ते शोधायचं. छापलेलं वाचायला सगळेच शिकतात. न छापलेलं वाचायचं कसं, हे त्या टेबलावर कळतं.

*हिशेबाचा धागा.* 'हंगर गेम्स'साठी. मुलांना ही गोष्ट सिनेमामुळे माहीत असते, पण पहिल्याच प्रकरणातलं गणित बहुतेकांनी सोडून दिलेलं असतं. ते फळ्यावर करायला लावा. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून मरणाच्या खेळाला पाठवायची. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथवर सगळ्यांना सारखं. पण ज्याच्या घरी खायला नाही त्याला जादा चिठ्ठी टाकून वर्षभराचं धान्य आणि तेल घेता येतं, माणशी एक चिठ्ठी. आणि या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात.

नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. नेहमीच्या पाच चिठ्ठ्या. स्वतः, आई आणि बहीण अशा तिघींच्या रेशनासाठी दरवर्षी तीन, पाच वर्षांच्या पंधरा. एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं: सात अधिक पस्तीस, बेचाळीस. आता खाऊनपिऊन सुखी घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या चिठ्ठ्या किती? पाच. चिठ्ठी काढणारा हात कोणाशीच भेदभाव करत नाही, नियम एकच आहे, तरी कोणाचं नाव येण्याची शक्यता चौपट आहे. यावर मुलं स्वतःहून आपल्या आजूबाजूच्या गोष्टी बोलू लागतात: क्लासची फी, प्रवेशाच्या फेऱ्या, कोणाला दुसरी संधी परवडते आणि कोणाला नाही. तुम्ही काही जोडायची गरज नसते. एक प्रश्न तेवढा विचारा: गेलचा राग गावातल्या सुखवस्तू मुलीवर निघतो, तो तिथे निघावा अशीच ही व्यवस्था आहे का? पुस्तकात गेल स्वतःच यावर बोलतो, ती ओळ शोधायला सांगा.

*सुखाचा धागा.* 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आणि 'फॅरनहाइट ४५१' एकत्र. हक्सलीच्या दुसऱ्या प्रकरणात आठ महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत पुस्तकं आणि गुलाबाची फुलं ठेवतात. बाळं रांगत जाऊन हात लावतात, तेवढ्यात भोंगे वाजतात आणि विजेचा झटका बसतो. असं दोनशे वेळा, म्हणजे जन्मभर फुलं-पुस्तकं नकोशी. फुलं का? कारण निसर्ग बघायला पैसे पडत नाहीत, त्यावर कारखाने चालत नाहीत. हा उतारा वाचून सगळे हळहळतात, पण लगेच ब्रॅडबरीच्या कॅप्टन बीटीचं भाषण काढा. पुस्तकं जाळणाऱ्या दलाचा हा प्रमुख सांगतो की सुरुवात सरकारने केलीच नव्हती. लोकांनीच आधी वाचणं सोडलं, सगळं आखूड आणि गुळगुळीत मागितलं, जाळायचं काम नंतर आलं. त्याचं म्हणणं खरं मानायचं का? तो तर जाळणाऱ्यांतला. इथे मुलं पात्राचं बोलणं आणि लेखकाचं म्हणणं वेगळं करायला शिकतात, आणि ते शिकवायला याहून सोपी जागा मला सापडलेली नाही.

पायरी ६: एकदा तरी राजवटीची बाजू मांडायला लावा

ही बैठक टाळू नका. गटातल्या दोघा-तिघांनी हक्सलीच्या जगाचा नियंत्रक मुस्तफा माँड व्हायचं आणि मनापासून बाजू लढवायची: युद्ध नाही, उपासमार नाही, म्हातारपणाचे हाल नाहीत, दुःख झालं तर सोमाची गोळी. तुम्हाला आणखी काय हवंय? नाटकी खलनायक करू द्यायचा नाही. कादंबरीत माँडचे मुद्दे भक्कमच आहेत.

समोरची मुलं आधी "पण स्वातंत्र्य…" म्हणतात आणि अडखळतात. स्वातंत्र्य कशाचं, ते का हवं, त्यासाठी किती दुःख चालेल, हे त्यांना कधी सांगावं लागलेलंच नसतं. एकदा एक मुलगा शांतपणे म्हणाला होता, "माझ्या आजोबांचं शेवटचं वर्ष बघितलंय मी, मला सोमा चालेल." त्याला कोणी हसलं नाही. त्या मताला उत्तर शोधायला गटाला पुढचा आठवडा लागला, आणि काहींना ते सापडलं नाही. तसंच राहू द्या. शेवटी निकाल लावायचा मोह शिक्षकाला होतो, तो आवरा.

पायरी ७: 'असं कुठे घडतं का?' याचा शोध

अ‍ॅटवुडने 'हँडमेड्स टेल' लिहिताना एक नियम पाळला होता: माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. हा नियम म्हणजे तयार प्रकल्प आहे. प्रत्येकाने गिलियडच्या, म्हणजे कादंबरीतल्या कल्पित देशाच्या, राजवटीतली एक गोष्ट उचलायची आणि तिचं इतिहासातलं मूळ शोधायचं. एका दिवसात बायकांची बँक खाती गोठतात? फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडण्याचा हक्क १९६५ साली मिळाला. बायकांवर बाळंतपणाची सक्ती? रोमानियात १९६६ साली गर्भपातावर बंदी घालणारा हुकूम निघाला. आई-बापांपासून मुलं हिरावून दुसऱ्यांना देणं? अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत हे घडलं. शोधताना दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री करायची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चालणार नाही.

उलट दिशेचा शोधही करून बघा: पुस्तकातून जगात काय आलं? २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये निदर्शकांनी 'हंगर गेम्स'मधली तीन बोटांची सलामी उचलली, आणि ती केल्याबद्दल विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. अनेक देशांत बायका गिलियडचे लाल झगे घालून मोर्च्यांत उतरल्या. गोष्ट माणसांच्या हातात काय देते, ते यातून दिसतं.

पायरी ८: लिहायला लावा, पण रसग्रहण नको

दोन लेखनप्रकार मला फार उपयोगी पडले. एक, तोच प्रसंग गिळणाऱ्याच्या बाजूने: कँटीनमधला पार्सन्स घरी जाऊन बायकोला चॉकलेटची बातमी कशी सांगेल? त्याला मूर्ख न दाखवता लिहायचं.

दुसरा प्रकार सूचनेचा. कल्पित शाळेच्या फलकावर लावायची पाच ओळींची नोटीस लिहा. तिच्यातून विद्यार्थ्यांचं काहीतरी मोठं हिरावून घेतलं जातंय, पण एकही कठोर शब्द वापरायचा नाही. मुलं फटाफट लिहितात, कारण ही भाषा रोज त्यांच्या कानावर असते: 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी', 'हित लक्षात घेऊन', 'निर्णय घेण्यात आला आहे', 'सर्वांनी नोंद घ्यावी'. नोटिसा वाचून झाल्या की दुसऱ्याच्या नोटिशीत एकच गोष्ट शोधायची: निर्णय घेतला कोणी? 'घेण्यात आला आहे' या वाक्यात घेणारा माणूसच नाही. त्याचं नाव घालून वाक्य पुन्हा लिहायला लावा. यानंतर साइम आणि त्याचा शब्द कमी करत नेणारा कोश मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

मुलं निराश होणार नाहीत का?

पालक हे नेहमी विचारतात. काही जण होतात, विशेषतः 'नाइन्टीन एटी-फोर'च्या शेवटाने. उसनी आशा द्यायची गरज नाही, पण शेवटच्या प्रकरणानंतरची परिशिष्टं मात्र सोडू देऊ नका, बहुतेक जण ती सोडतात. ऑर्वेलच्या पुस्तकाच्या शेवटी नवभाषेवर, म्हणजे राजवटीने घडवलेल्या भाषेवर, एक टिपण आहे, ते साध्या, जुन्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेलं आहे. ते कोण लिहितंय, आणि केव्हा? काही वाचकांना त्यात राजवट पडल्याची खूण दिसते, काहींना नाही. 'हँडमेड्स टेल'च्या शेवटी तर २१९५ सालची एक परिषदच आहे, गिलियडचा इतिहास म्हणून अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांची. राजवट संपली हे त्यावरून नक्की, पण ते प्राध्यापक गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या दुःखावर विनोद करतात, तेही वाचून बघा.

गटातला एखादा जण खरंच अस्वस्थ दिसला तर बैठकीनंतर वेगळं बोला. कधी कधी पुस्तकातलं घर त्याच्या घरासारखं असतं.

पुढचं पुस्तक

गट ज्यावर सगळ्यात जास्त भांडला त्यावरून ठरवा. पाळतीवर भांडला असेल तर येवगेनी झाम्यातिनची 'वी' घ्या: काचेच्या घरांत राहणारी, नावाऐवजी आकडे असणारी माणसं, आणि ऑर्वेलच्या कितीतरी आधी, १९२०-२१ मध्ये लिहिलेली. रशियात ती छापायला १९८८ साल उजाडावं लागलं. पडद्यांवर भांडला असेल तर ई. एम. फॉर्स्टरची १९०९ सालची 'द मशीन स्टॉप्स', ज्यात प्रत्येक जण जमिनीखालच्या आपल्या खोलीत बसून यंत्रातून गप्पा मारतो. आणि चिठ्ठ्यांच्या गणितावर भांडला असेल तर मंजुळा पद्मनाभन यांचं 'हार्वेस्ट' हे १९९७ सालचं नाटक. ते मुंबईतल्या एका खोलीत घडतं. नोकरी गेलेला ओम श्रीमंत देशातल्या गिऱ्हाइकाला स्वतःचे अवयव विकायचा करार करतो, आणि त्या बदल्यात घरात खाणं, संडास, टीव्ही सगळं येतं. नाटक असल्यामुळे भूमिका वाटून मोठ्याने वाचता येतं. ओम, जया, मा आणि जीतू यांच्यासाठी चांगले वाचणारे चार जण आधी निवडून ठेवा आणि त्यांना आपापले संवाद आदल्या आठवड्यात घरी न्यायला सांगा.